हर्षदला गाडी शिकवताना

“माफी नको,” हर्षद म्हणाला. “तुझ्या माफीचं मी काय लोणचं घालू?”

आठवडाभर पाठ केलेली सगळी वाक्यं माझ्या जिभेवरच वाळून गेली. आमच्या वर्गाच्या मुल्ला मॅडमनी ती माझ्याकडून घोटून घेतली होती. ‘मी केलं’ म्हणायचं, ‘माझ्याकडून झालं’ म्हणायचं नाही. ‘पण’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. समोरचा ओरडला तर ओरडू द्यायचं. आणि हर्षद तर ओरडतच नव्हता. लोखंडी खुर्चीत पाय जवळ घेऊन तो बसला होता आणि त्याच्या उजव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत एक गुलाबी रेघ होती. ती माझी करणी.

“मग काय हवंय तुम्हाला?” मॅडमनी विचारलं.

“मला गाडी चालवता येत नाही,” तो म्हणाला. “आधी यायची. कॉलेजात असल्यापासून चालवत होतो. आता स्टिअरिंग धरलं की हात थरथरतात. शेजारून मोटरसायकल गेली तरी डोळे मिटतात. मी औषध कंपनीत आहे, दिवसभर डॉक्टरांकडं फिरायचं काम. एस.टी.नं कुठं कुठं फिरणार? दोन ड्रायव्हिंग स्कूल करून झाली. ते म्हणतात, साहेब, तुम्हाला गाडी येते, आम्ही काय शिकवायचं?” मग पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं पाहिलं. “हिनं मोडलंय. हिनंच दुरुस्त करावं. साताऱ्यात हिच्यासारखं कुणी शिकवत नाही म्हणे.”

“कोण म्हणे?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. तरी ऐकायचं होतं.

“सोनल.”

हर्षद सोडून खोलीत आम्ही सातजण होतो. पाच पुरुष, मी आणि मॅडम. मॅडम सोडून सगळे कोर्टानं पाठवलेले. दर शनिवारी दुपारी एका संस्थेच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरायचा. फळ्यावर ‘राग व्यवस्थापन’ असं लिहिलेलं असायचं, पण गावात त्याला ‘भांडखोरांची शाळा’ म्हणत.

“वा रे वा!” कोपऱ्यातून सुभेदार येवले म्हणाले. “कोर्टमार्शल झालेल्याच्या हातात पुन्हा रायफल!”

सगळे हसले. हर्षद हसला नाही. मीही नाही.

मी कांचन मोहिते. तेव्हा एकतीस वर्षांची होते. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, सुरू केलेलं मोहिते ड्रायव्हिंग स्कूल आम्ही दोघी चालवत होतो, मी आणि सोनल निकम. आठवीपासूनची मैत्रीण. मी गाडीवर, ती ऑफिसात. सोनल माझी काय होती ते सांगणं अवघड आहे. तिनं फोन उचलला नाही तर मला वाटायचं, ती तरी मेली किंवा मी तरी. तिनं नुसतं ‘बोल गं’ म्हटलं की ऊन पडल्यासारखं व्हायचं. मी तिला डोक्यावर घेऊन नाचायचे आणि दुसऱ्या दिवशी, ती जेवायला थांबली नाही म्हणून, तिच्या अंगावर फाइल भिरकवायचे. नंतर पाय धरून रडायचे. आणि घरी जाऊन स्वतःवर जो राग काढायचे त्याच्या खुणा दंडावर होत्या, म्हणून मी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालायचे. सोनलनं हे सगळं वर्षानुवर्षं सोसलं. मग एके दिवशी तिचं हर्षदशी लग्न ठरलं आणि ती म्हणाली की लग्नानंतर ती ऑफिस सोडणार. मी तिला मिठी मारली. अभिनंदन केलं. दोन दिवस तिचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी पोवई नाक्यावर साड्यांच्या दुकानासमोर हर्षदची गाडी दिसली. तो स्टिअरिंगवर बसला होता, ती दुकानाची पायरी उतरत होती. माझ्या गाडीत चाक बदलायचा पाना होता.

काच फुटल्याचा आवाज मला आठवत नाही. सोनलचं तोंड आठवतं.

मी गुन्हा कबूल केला. कोर्टानं वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. अटी तीन. त्या दोघांच्या वाटेला जायचं नाही, रागाच्या वर्गाला जायचं आणि पुण्याच्या डॉक्टरांकडं उपचार घ्यायचे. काही मोडलं तर उभं राहून शिक्षा ऐकायची. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराला लांबलचक नाव दिलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. परतीच्या वाटेवर आप्पांनी विचारलं, “बॉर्डर कसली म्हणायची ही?” मी म्हटलं, “माझ्या आणि लोकांच्या मधली असेल. ती मला दिसत नाही.”

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनाही नवल वाटावी अशी होती. शिकवताना मला राग येत नसे. शिकणाऱ्यानं गाडी गटारात घातली, क्लच जाळला, रिव्हर्सऐवजी पहिला टाकून भिंतीला नाक लावलं, तरी माझा आवाज चढत नसे. गाडीत बसलेल्या माणसाला माझी गरज असे आणि तो तासभर कुठं जाऊ शकत नसे. आज मला हे कळतं. तेव्हा मी त्याला माझी हुशारी समजत होते.

हर्षदला मी तिथल्या तिथं ‘हो’ म्हटलं. तो गेल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना कधी घाई न करणाऱ्या बाई.

“हो का म्हणालीस?”

“चूक सुधारायला.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

दर शनिवारी त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, रागाच्या खाली काय आहे? सुभेदार म्हणत, “खाली दुसरा राग.” मी म्हणत असे, “काही नाही.” आजही मी तेच उत्तर दिलं होतं.

“बघ बाई,” त्या म्हणाल्या. “राग येऊ नये म्हणून आपण इथं बसत नाही. तो येणार. आल्यावर हाताला काय काम द्यायचं, एवढंच आपण ठरवतोय. हा माणूस तुला दर वेळी राग आणेल. तयारी आहे?”

“आहे.”

आणखी काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं लग्न झालं होतं. हर्षद रोज घरी जाईल. सोनल विचारेल, कसं झालं? तो म्हणेल, चांगलं शिकवते. असं दहादा म्हटलं की एक दिवस ती स्वतः येईल. माझं सगळं गणित हे होतं.

मॅडमनी कोर्टातून परवानगी आणली. अट एकच, गाडीत तिसरं माणूस हवं. सुभेदार येवल्यांनी हात वर केला. मागच्या सीटवर बसून मोफत फिरायला मिळतंय म्हणून ते खूश होते. सैन्यातून निवृत्त झालेला हा माणूस नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्याची मोटर आणि नाक, दोन्ही फोडून आमच्या वर्गात आला होता.

पहिल्या दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गाडी उभी केली. मी शेजारी बसले. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. हर्षदनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा कडू झाला.

“म्हणजे शेवटी सगळं तुझ्याच पायाखाली.”

माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. मी पायाचे तळवे जमिनीवर दाबले, मॅडमनी शिकवलं होतं तसे.

“इंजिन सुरू करू नकोस,” मी म्हटलं. “आधी काच खाली घे. पूर्ण.”

“का?”

“काच खाली गेली की फुटायची भीती नाही.”

त्यानं माझ्याकडं चमकून पाहिलं. मग काच खाली केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. हात थरथरत होते. आम्ही तसेच बसून राहिलो. मागून सुभेदार म्हणाले, “असंच बसायचं असंल तर मी येताना डबा आणला असता.”

हर्षदला हसू आलं. ते त्यानं लगेच गिळलं, पण खांदे जरा खाली आले.

“आता किल्ली फिरव,” मी म्हटलं.

असं सुरू झालं. तो मला बोलल्याशिवाय राहत नसे. हे त्याचं औषध होतं, मी ते घेऊ देत होते.

“तुला लाज वाटते का गं कधी?”

“वाटते. सेकंड टाक.”

“माझ्या आईनं तुझा फोटो ओळखून ठेवलाय. रस्त्यात दिसलीस तर चप्पल काढेल म्हणते.”

“काढू दे. आरशात बघ, मागून रिक्षा आहे.”

“सोनलला आता नवीन मैत्रिणी मिळाल्यात.”

हे लागलं. खोल लागलं. डोळ्यांपुढं लाल झालं. मी खिडकीतून बाहेर बघत मनात दुकानांच्या पाट्या वाचल्या. किराणा, टायर पंक्चर, फोटो स्टुडिओ. मग म्हटलं, “चांगलं झालं. डावीकडं इंडिकेटर दे.”

घरी जाऊन मी बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवून बसले. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “काही फेकलंस?” “नाही.” “कुणाला काही केलंस? स्वतःला?” “नाही.” “मग जेव आणि झोप.” मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. मी जेवले आणि झोपले.

हिवाळा आला तोवर हर्षद गावातून गाडी काढू लागला होता. राजवाड्याजवळच्या गर्दीतून, हायवेला ट्रकांच्या मधून. घाम यायचा, पण हात ऐकायचे. काच मात्र त्यानं एकदाही वर केली नाही. धूळ खाल्ली, वारा खाल्ला, काच खालीच. मीही आग्रह केला नाही. आता एकच उरलं होतं, घाट.

यवतेश्वरच्या घाटात त्या सकाळी धुकं होतं. गार वारा नुसता कापत होता. हर्षद पहिली दोन वळणं छान चढला. सुभेदार मागं मफलर आवळून बसले होते.

“पोरा, काच वर कर की. कान गेलं माझं. सियाचीनला पाठवायचा इचार हाय का?”

हर्षदनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग डाव्या हातानं स्टिअरिंग सांभाळत उजव्या हातानं हँडल फिरवलं. काच वर गेली. गाडीत एकदम शांत झालं. त्याचा श्वास ऐकू येत होता, पण गाडी सरळ होती.

“शाब्बास,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

तोही फुलला. आणि फुललेल्या माणसाच्या तोंडून जातं तसं त्याच्या तोंडून गेलं. “चंद्रपूरला ही थंडी आठवेल.”

“चंद्रपूरला काय आहे?”

त्यानं गिअर बदलला.

“हर्षद, चंद्रपूरला काय आहे?”

“कंपनीनं तिकडचा भाग दिलाय. बढती आहे. पण गाडी येत असेल तरच. नाहीतर घरी बसा म्हणाले. पुढच्या महिन्यात जातोय आम्ही. दोघं.”

इतके दिवस मी त्याला काय शिकवत होते, ते मला त्या वळणावर कळलं. सोनलला माझ्यापासून लांब न्यायला शिकवत होते. मीच. हाताला धरून.

“गाडी बाजूला घे.”

“इथं? चढ आहे.”

“घे बाजूला!”

त्यानं घेतली. हँडब्रेक ओढला. मी हात घालून किल्ली काढली आणि खाली उतरले. समोर कठडा, कठड्यापलीकडं धुकं आणि त्याखाली कुठंतरी सातारा. माझ्या मुठीत किल्ली होती.

किती सोपं होतं! किल्ली दरीत टाकायची. किंवा त्याहून सोपं, आणि त्याला पुरावाही राहिला नसता. वळून त्याला एवढंच सांगायचं, ‘तू अजून तयार नाहीस. वर्षभर तरी होणार नाहीस.’ त्यानं विश्वास ठेवला असता. शिकवणाऱ्याच्या शब्दावर माणूस विश्वास ठेवतोच. त्याची बढती गेली असती, नोकरीही गेली असती, सोनल साताऱ्यात राहिली असती. कुठलीही काच न फोडता मी जिंकले असते. आणि कोर्टाला कधी कळलंही नसतं.

मागं दार वाजलं. सुभेदार उतरले होते. ते जवळ आले नाहीत. चार हात लांब उभे राहिले.

“पोरी, ती किल्ली हिकडं दे.”

“मला राग आलाय,” मी म्हटलं.

“दिसतंय.”

“मला खूप राग आलाय, सुभेदार.”

“मग बोल की. त्या मुल्लाबाई काय इचारत्यात दर शनवारी? खाली काय हाय?”

“काही नाही.” मी म्हटलं, आणि ते खोटं होतं हे म्हणताना ऐकू आलं. मी वळले. हर्षदनं काच खाली केली होती, तो माझ्याकडं बघत होता. मी त्यालाच सांगितलं. “मला भीती वाटतेय. सोनल गेली की माझं कुणी उरणार नाही असं वाटतंय. तुला शिकवायला मी हो म्हटलं ते तुझ्यासाठी नाही. ती परत येईल म्हणून. तुझ्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.”

खालून येणारा टेम्पो आमच्याकडं बघत बघत गेला.

“मला माहीत होतं,” हर्षद म्हणाला.

“काय?”

“सोनलला पण माहीत होतं. मी तिला म्हटलं, कांचन तुझ्यासाठी करेल, माझ्यासाठी नाही. ती म्हणाली, कशासाठी का करेना. गाडीत बसल्यावर ती कुणाला फसवत नाही.”

माझ्या मुठीतली किल्ली घामानं ओली झाली होती. गाडीत बसल्यावर ती कुणाला फसवत नाही. म्हणजे सोनलनं माझ्यातलं एक शाबूत ठेवलं होतं. एवढं सगळं झाल्यावरही. आणि ते मी आता दरीत टाकायला निघाले होते.

मी गाडीजवळ गेले. किल्ली हर्षदच्या हातात दिली. शेजारी बसले, पट्टा लावला. सुभेदारही मागं येऊन बसले.

“चढावर गाडी उचलायची,” मी म्हटलं. “सगळ्यात अवघड तेच असतं. काच वर कर.”

“वर?”

“वर. चंद्रपूरला ऊन असतं, काच खाली घेऊन भाजून निघशील.”

त्यानं काच वर केली. किल्ली फिरवली. हाफ क्लच, ॲक्सिलरेटर, हँडब्रेक सोड. गाडीनं गचका दिला, अर्धी रस्त्यावर आली आणि बंद पडली. पुन्हा. पुन्हा बंद. तोवर मागं एक जीप येऊन उभी राहिली, तिच्यामागं आणखी कुणी. हॉर्न सुरू झाले. तिसऱ्यांदा त्यानं हँडब्रेक सोडला, आणि त्याच वेळी मागून एक मोटरसायकलवाला पुढं आला आणि त्याच्या खिडकीच्या काचेवर मुठीनं धाडधाड आपटायला लागला. “ए! घाटात काय शाळा भरवली का? हल की!”

उजवी बाजू. काच. मूठ.

हर्षदनं दोन्ही हात तोंडावर घेतले. पाय पेडलवरून उचलले. गाडी मागं घरंगळायला लागली.

माझा पाय ब्रेकवर होताच. मी तो दाबला. गाडी थांबली. मागच्या जीपला चिकटायला हातभर अंतर राहिलं असेल.

मोटरसायकलवाला अजून काच ठोकत होता. एकेकाळची कांचन आतापर्यंत दार उघडून बाहेर पडली असती आणि त्याला कठड्यावर आडवा केला असता. ती कांचन माझ्यातच बसलेली होती, मला तिचा हात दाराकडं जाताना जाणवत होता. पण माझा पाय ब्रेकवर होता. तो काढला असता तर गाडी मागच्या जीपवर आदळली असती. जागेवरून हलता येत नव्हतं. माझ्याकडं फक्त आवाज होता.

“ए भाड्या!” सुभेदार गरजले. त्यांनी दाराचं हँडल धरलं होतं. “थांब, तुझं मुंडकंच...”

“सुभेदार, खाली बसा.”

“आगं पण त्यो...”

“खाली बसा! वर्षाची हमी तुमचीही आहे.”

ते बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका बाईचा हुकूम मानला, असं नंतर त्यांनीच वर्गात सांगितलं.

मी माझ्या बाजूची काच खाली केली आणि मान बाहेर काढून, आवाज न चढवता, म्हटलं, “दादा, माणूस घाबरलाय. दोन मिनिटं द्या. तुम्ही पुढं निघा, जागा आहे.”

त्यानं आमच्या टपावरचा ‘शिकाऊ’ असा बोर्ड वाचला. हर्षदचे तोंडावरचे हात पाहिले. काय वाटलं त्याला कोण जाणे, पुटपुटत गाडीला किक मारून गेला.

“हर्षद,” मी म्हटलं. “हात खाली घे. माझ्याकडं बघू नकोस, रस्त्याकडं बघ. काच आहे ना जागेवर?”

मग हात खाली आले. त्यानं उजव्या हाताचं बोट काचेला लावलं, तान्ह्या पोराच्या गालाला लावावं तसं.

“आहे.”

“फुटली नाही?”

“नाही.”

“ब्रेक मी धरलाय. तुझ्याबरोबर मी आहे. पाय क्लचवर. हळूहळू सोड. इंजिनचा आवाज बदलेल. तो बदलला की मला सांग.”

मागं हॉर्न वाजत होते. मी त्यांना वाजू दिलं. इंजिन गुरगुरलं, गाडीचं नाक जरासं उचललं.

“बदलला,” तो म्हणाला.

“मी ब्रेक सोडतेय. जा.”

आणि गाडी गेली. गचका नाही, काही नाही. चढावरून वर, वळणावरून वर, धुक्यातून वर. हर्षद ओरडला, नुसताच ओरडला, शब्द नव्हता त्याला. सुभेदारांनी मागून माझ्या सीटवर धपाधप बुक्क्या मारल्या. मीही ओरडत होते. वर यवतेश्वरला पोचेपर्यंत आम्ही तिघं वेड्यासारखे ओरडत होतो.

वरती टपरीवर चहा घेताना हर्षदनं कपाकडं बघत विचारलं, “झालो का मी तयार?”

त्याला खरंच माहीत नव्हतं. ते ठरवणं माझ्याकडं होतं. मी चहाचा घोट घेतला, जीभ भाजली.

“झालास,” मी म्हटलं. “चंद्रपूरपर्यंत जाशील.”

हे होऊन आता बरीच वर्षं झाली. वर्ष संपल्यावर कोर्टातून मला पुन्हा बोलावणं आलं नाही. मुल्ला मॅडमचा वर्ग संपला तरी मी आपण होऊन जात राहिले, पुण्याच्या डॉक्टरांकडं अजून जाते. रागाची, एकटं पडायच्या भीतीची ती लाट अजून येते, पण ती ओसरते हे आता मला माहीत आहे. घाटापर्यंत मला हेच माहीत नव्हतं. आणि पक्कं कळलं तेही घाटात नाही, त्यानंतर महिन्याभरानं.

ते दोघं निघायच्या दिवशी सकाळी हर्षदची गाडी आमच्या ऑफिससमोर येऊन थांबली. मागच्या सीटवर गाद्या, भांडी, कुंड्या. स्टिअरिंगवर हर्षद. दार उघडून सोनल उतरली. दीड वर्षानं मी तिला इतक्या जवळून पाहत होते. ती जरा भरली होती. कपाळावरचे केस तसेच फुंकर मारून उडवत होती.

मी जागची हलले नाही. तिला किती जवळ यायचं ते तिचं तिनं ठरवावं म्हणून.

ती दोन पावलांवर येऊन थांबली. “फोन करेन असं म्हणत नाही मी,” ती म्हणाली.

“नको म्हणूस.”

“मला अजून भीती वाटते तुझी. झोपेत दचकते कधी कधी.”

“वाटणारच.”

“आणि आठवणही येते.” तिचे डोळे भरले. “दोन्ही एकदम. काय करू सांग ना, कांचे.”

कांचे. किती दिवसांनी.

“दोन्ही असू दे,” मी म्हटलं. “मलाही हेच शिकवतात. दोन्ही खरं असतं.”

तिनं माझा हात धरला. एकदाच, घट्ट, आणि सोडला. मग ती गाडीत जाऊन बसली.

आमची गल्ली अरुंद. गाडी रिव्हर्स घेऊन मोठ्या रस्त्याला काढावी लागते आणि तिथं सकाळी एस.टी.ची वर्दळ. हर्षदनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी गाडीच्या मागं जाऊन उभी राहिले.

“ये,” मी म्हटलं. “ये, ये. डावीकडं काट. आणखी. सरळ कर. ये.”

मोठ्या रस्त्यावर एक एस.टी. भरधाव येत होती. मी रस्त्याच्या मधोमध गेले आणि हात वर केला. एस.टी. करकचून थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून माझा उद्धार केला. तिच्यामागं सगळी वाहतूक तुंबली. मी हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं हर्षदला खूण केली. त्यानं गाडी सफाईनं मागं घेतली, वळवली, पहिला टाकला, दुसरा टाकला. काच वर होती. डाव्या खिडकीतून सोनलचा हात हलताना दिसला आणि गाडी पोवई नाक्याच्या गर्दीत मिसळली.

“ओ मॅडम!” ड्रायव्हर ओरडला. “रस्ता काय बापानं घेऊन दिलाय का?”

“आजच्यापुरता घेतला होता हो,” मी म्हटलं. “जा आता.”

मी कडेला आले. मग ती लाट आली, जिला मी आयुष्यभर घाबरत होते. सगळं रिकामं करत आली. मी विजेच्या खांबाला धरलं आणि हुंदके देऊन रडले. भर रस्त्यात, लोकांसमोर. खांब धरलेला होता, पाय जमिनीवर होते. मी वाट बघत होते की आता मी मोडेन. रडत राहिले आणि वाट बघत राहिले. मोडले नाही. सोनल गेली होती, आणि मी होते.

ऑफिसच्या दारात नऊच्या बॅचच्या बाई येऊन उभ्या होत्या. शाळेत शिकवणाऱ्या, पहिलाच दिवस, पर्स छातीशी धरून.

“मोहिते मॅडम? तुम्ही... तुम्ही रडताय का? मी उद्या येऊ?”

“नाही नाही,” मी ओढणीनं नाक पुसलं आणि गाडीचं दार उघडून धरलं. “बसा. सीट पुढं ओढून घ्या. मला रडता रडता शिकवता येतं, घाबरू नका.”